पंपरूममधली वटवाघळं

नव्वदीच्या दशकात आम्ही आखातात, रुवैसला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. रांगेच्या टोकाला पंपरूम, पुढे कुंपण आणि मग नुसती वाळू. पंपरूमच्या भिंतीतल्या भोकातून दिवेलागणीला मोठ्या कानांची वटवाघळं बाहेर पडत. माझी दहा वर्षांची मुलगी ती बघायला पायरीवर ठाण मांडून बसायची.

तिनं जे शोधलं, ते मला इंजिनिअर असूनही सुचलं नसतं. किडा गप्प बसला, की वटवाघूळ वरून तसंच निघून जाई. तो चालू लागला, वाळक्या पानावर त्याचे पाय वाजले, की झडप. मुंग्यांकडे ढुंकूनही बघत नसे. जाडा भुंगा किंवा विंचू मात्र सोडत नसे. एकदा तिनं दोऱ्याला वाळकं पान बांधून वाळूवरून ओढलं. वटवाघूळ वीतभर वर येऊन थांबलं आणि फसवणूक कळल्यासारखं परत फिरलं. त्या वर्षी आमच्या रांगेत कुणालाही विंचू चावला नव्हता. पण त्याचं श्रेय वटवाघळांना कोण देणार!

शेजारच्या वहिनींना तर ही वटवाघळं म्हणजे अवदसा वाटायची. त्यांच्या यजमानांचं प्रमोशन अडलं, तेही म्हणे वटवाघळांमुळेच. आठवलं की अजून डोकं फिरतं. सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या हातात अर्जही होता.

"भाऊजी, मेंटेनन्सला कम्प्लेंट टाकतेय. तुमची साइन झाली, की इन्शाल्ला दोन दिवसांत काम खलास."

शिऱ्याची वाटी माझ्या हातात, आणि त्यांचे यजमान माझे साहेब. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी सही केली. मुलीला म्हटलं, "असल्या अर्जांना कोण विचारतंय!"

गुरुवारी सकाळी माणसं आली आणि भोकावर पत्रा ठोकून गेली. सकाळी! दिवसा वटवाघळं आत झोपलेली असतात, हे ठोकणाऱ्यांना सुचलं नाही आणि सही करणाऱ्या गाढवालाही नाही. संध्याकाळी मुलीनं भिंतीला कान लावला. आत खरवडल्याचा आवाज येत होता.

मी मेंटेनन्सला फोन केला. "कल जुम्मा है साब, शनिचर को देखेंगे."

"यू ओपन इट, बाबा. यू हॅव टूल्स," मुलगी म्हणाली.

होती की हत्यारं. पण कंपनीची भिंत, समोर वहिनींची खिडकी, साहेब काय म्हणतील! शुक्रवारभर मी पक्कड घेऊन त्या भिंतीपर्यंत जात होतो आणि परत येत होतो. आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. तेव्हा तसं वाटलं नाही, याची चीड जास्त येते.

शनिवारी पत्रा निघाला. कामगारानं सुपलीतून सहा वटवाघळं बाहेर आणली. एकही हलत नव्हतं. "चला, सुटलो एकदाचे," वहिनी दारातून म्हणाल्या, आणि मी त्यांच्या अंगावर खेकसलो, "तोंड बंद ठेवा!" दोन दिवस उशिरा धीर आला होता मला.

मुलीनं एकाचा दुमडलेला कान बोटानं हळूच उलगडला.

"दे कुड हिअर यू, बाबा," ती म्हणाली. "कमिंग. अँड गोइंग बॅक."