मोळ्यांत मोजलेलं दुखणं

"ठेवू का हात?" असं विचारल्याशिवाय मॅडमनी कधी कुणाला हात लावला नाही. विचारतानाच तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार करायच्या.

मी पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात आशा सेविका. मॅडम नगरच्या फिजिओथेरपी कॉलेजातून यायच्या. पाळीत पोट-कंबर दुखतं, ते हातांनी दाबून, चोळून कमी होतं का, हा त्यांचा अभ्यास. आठवड्यातून दोनदा समाजमंदिरात बाया जमायच्या.

"दहापैकी किती दुखतं?" हा पहिला प्रश्न. एक बाई म्हणाली, "दहाचं काय कळत न्हाई, मॅडम. डोक्यावर तीन मोळ्या असल्यावानी दुखतं." मॅडमनी तिथंच कागदावर उसाच्या मोळ्या काढल्या. मग दर वेळी तेच विचारायच्या, "आज किती मोळ्या?"

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या वाटतात. तुम्ही असता तर तुमचेही डोळे मिटले असते. बाहेर ऊन, आत पंख्याची घरघर, माकडहाडाजवळ सावकाश फिरणारे ते हात. दिवसा कधी पाठ न टेकणाऱ्या बाया तिथं गाढ झोपायच्या.

माझी धाकटी जाऊ जेमतेम सत्तावीसची. ऊसतोडीला जायच्या आधी गर्भपिशवीच काढून टाकायची, असं तिनं ठरवलेलं. "पाळीपायी कामाला खाडा बी नको अन् दुखणं बी नको," म्हणायची.

मॅडम म्हणाल्या, "आधी तपासून घेऊ. मग तीन महिने थांबाल? बरं करीन असं म्हणत नाही मी. तेच तर शोधतेय."

तपासणीत वावगं काही निघालं नाही. जाऊ थांबली. चार मोळ्यांवरून दीडवर आली, आणि दिवाळीनंतर ऑपरेशन न करताच ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चढली.

अभ्यास संपला त्या दिवशी मॅडम कागद आवरता आवरता भिंत धरून उभ्या राहिल्या.

"तुमचं बी दुखतंय व्हय, मॅडम?"

"दर महिन्याला," त्या म्हणाल्या.

वर्षभरात आम्ही कुणी हे विचारलंच नव्हतं. मी त्यांना चटईवर पालथं झोपवलं आणि शिकवलं होतं तसं कमरेवर दाबत राहिले. फक्त एकदा त्या म्हणाल्या, "थोडं खाली."

उठल्या तेव्हा गालावर चटईचे वळ उमटले होते. ते तसेच घेऊन त्या पाचच्या एसटीत चढल्या.