खिडकीची जागा

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात जितक्या माणसांना बसायला जागा करून दिली, तितक्यांना कुठल्या पुढाऱ्यानंही आजवर दिली नसेल. आणि पुढाऱ्यांसारखी त्यांनी ती निवडणुकीपुरती दिली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार शेवगाव. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झाले तेव्हा खाकी कपडे गेले, तिकिटाचं मशीन गेलं, चामड्याची पिशवी गेली, पण कंडक्टर काही त्यांच्यातून उतरला नाही. उभा माणूस दिसला की ते त्याच्यासाठी जागा शोधू लागतात. तो माणूस हौसेनं उभा आहे, पाय मोकळे करायला उभा आहे, असली कारणं त्यांना पटत नाहीत. त्याला कुठंतरी टेकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

जामखेडला आमच्या एका नात्यातल्या लग्नात पंगत बसली होती. साडूंनी दारात ताटकळलेली मंडळी पाहिली आणि वाढप्यांना हातानं थांबवून पंगतीच्या एका टोकापासून हाळी दिली, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं लई जागा हाय." नवरदेवाचे मामा पुरणपोळीचा घास हातात धरून सरकले. आणखी एके ठिकाणी दशक्रियेच्या प्रवचनात बायकांना जागा कमी पडत होती, म्हणून यांनी चालू प्रवचनात महाराजांनाच गादीसकट दोन हात बाजूला घेतलं. महाराजांचं वैराग्यावर चाललं होतं, त्यामुळं त्यांना काही बोलता आलं नाही. शेवगावच्या ज्या डॉक्टरांकडं ते बीपी तपासायला जातात, तिथं पेशंटांच्या बाकाची व्यवस्था आता तेच बघतात. त्यांचा स्वतःचा नंबर बहुधा दवाखाना बंद होताना लागतो. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, एकदा मला म्हणाली, "लग्न झाल्यापून मी खाटंवर हातपाय पसरून झोपले न्हाई, भाऊजी. झोपंत बी म्हन्तेत, पुढं सरका. मी सरकते न् पडते."

त्यांचं वैर एकाच गोष्टीशी होतं, ते म्हणजे रुमाल. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी लहान पोर आत टाकून जागा धरतात. साडूंच्या गाडीत हे चालत नसे. सीटवर रुमाल दिसला की ते दोन बोटांत तो उंच धरून सगळ्या गाडीला विचारत, "हा रुमाल कुनाचा? ह्याचं तिकीट कुटं हाय?" मालक पुढं येईपर्यंत त्या जागी एखादी म्हातारी बसलेली असे. "रुमालाला तिकीट न्हाई" हे त्यांचं वाक्य त्या भागात इतकं माहीत झालं होतं, की त्यांच्या गाडीला लोक रुमाल खिशातच ठेवून चढायचे.

अशा या माणसाची एकच इच्छा राहून गेली होती. त्यांना खिडकीत बसायचं होतं. जन्म गाडीत गेला, पण खिडकीची जागा कधी त्यांच्या वाट्याला आली नाही. आली तरी पुढच्या थांब्यापर्यंत टिकली नाही. आणि समुद्र तर त्यांनी पाहिलाच नव्हता. मी नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मला जोडून रजा मिळाली, तेव्हा बायकोनं आणि अक्कानं फोनवर कोकणचा बेत ठरवला. साडूंनी एकच अट घातली. "पाव्हनं, खोली कशी बी आसू द्या, डास आसू द्या, ढेकूण आसू द्या. पन समुद्राकडं खिडकी पायजे. मी तिच्यात बसनार न् कुनाला उठून जागा देनार न्हाई." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की मला त्यांची काळजीच वाटली.

जातानाच्या प्रवासात त्यांच्याकडं खिडकीचं रिझर्वेशन होतं. घाट लागला, एका मुलीला मळमळू लागलं, आणि साडू उठले. तिच्यानंतर तिच्या आजीला मळमळलं. किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात उतरलो, तेव्हा पहिला समुद्र मला, माझ्या बायकोला, अक्काला आणि गाडीतल्या सगळ्यांना दिसला होता. साडू मधल्या रांगेत दांडी धरून उभे होते आणि त्यांना पुढच्या माणसाची पाठ दिसली होती.

लॉज साधाच होता. खाली जेवणाची खोली, वर ओळीनं सहा खोल्या, नळाला फक्त गार पाणी. गरम हवं तर परसातल्या चुलीवरून बादली आणायची. मालकीणबाई पन्नाशीच्या, सडपातळ, सगळं एकटीच्या अंगावर घेतलेल्या. कोपऱ्यातली समुद्राकडची खोली त्यांनी साडूंना दिली. खिडकीला लाकडी गज, बाहेर सुरूची झाडं, आणि झाडांमधून थेट पाणी. मला मिळाली मागची, जिच्या खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी दिसत. मी तिच्यात बॅगा ठेवल्या, आणि आपण थोडे मोठ्या मनाचे आहोत असं मला वाटलं.

आता इतकं झाल्यावर माणसानं खिडकीत बसावं की नाही? पण लॉजच्या काउंटरवर एक टिचकी मारायची घंटी होती, आणि ती साडूंच्या दृष्टीस पडली. दुसऱ्या दिवसापासून लॉज घंटीवर चालू लागला. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. जेवणाच्या खोलीत सगळे बसले की डबल बेल, मग वाढप सुरू. मालकीणबाई पहिल्यांदा दचकल्या, पण दुपारपर्यंत त्यासुद्धा डबल बेल झाल्याशिवाय भाताचं पातेलं उचलेनाशा झाल्या. औषधं विकणारा एक प्रतिनिधी सोडला तर लॉजमध्ये आम्हीच होतो, आणि हेच साडूंना सहन होत नव्हतं. "तीन खोल्या म्होकळ्या चालल्यात, ताई," ते मालकीणबाईंना म्हणाले, "म्होकळी गाडी लई आदळते." त्यांच्या मनाला ते इतकं लागलं की ते सारखे खाली रस्त्यावर जाऊन उभे राहत आणि कुणी पाहुणा दिसतो का ते बघत. खिडकी वर तशीच. विचारलं की म्हणत, "बसू की निवांत. समुद्र कुटं पळून चाललाय?"

शेवटच्या संध्याकाळी अक्काचा संयम संपला. तिनं स्वतः खुर्ची ओढून खिडकीशी लावली, वर चादरीची घडी टाकली आणि नवऱ्याला बजावलं, "सकाळी उठायचं, च्या घ्यायचा न् हितं बसायचं. गाडीची येळ होईस्तवर ह्या खुर्चीवरनं उठायचं न्हाई. खाली आग लागली तरी मी बघीन." साडूंनी मुकाट मान हलवली. खुर्चीवरून हातही फिरवला. मला वाटतं, त्यांनाही त्या रात्री कळलं होतं की आता नाही बसलो तर परत येणं काही व्हायचं नाही.

आणि तेवढ्यात मालकीणबाईंनी वर येऊन बातमी दिली. गावाच्या पुढं चिऱ्याच्या दगडांनी भरलेला ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. पुढं जाणारी एसटी मागं फिरून स्टँडवर येऊन थांबली होती, रस्ता सकाळपर्यंत मोकळा होणार नव्हता, आणि आख्ख्या गाडीची माणसं स्टँडवर उभी होती.

"उभी?" साडू म्हणाले.

पुढचं मी सांगायला नको. पायात चपला सरकवून ते निघाले, मी मागोमाग. स्टँडवर एक कंडक्टर बाई मधोमध, भोवती तिच्यावर ओरडणारी मंडळी, पिशव्या, रडणारी पोरं, टोपल्या. बाई बिचारी सगळ्यांना एकच उत्तर देऊन घोगरी झाली होती. साडू गर्दीत शिरले आणि नुसते म्हणाले, "म्याडम, मी आपल्यातलाच. शेवगाव डेपो." त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला बरं वाटलं. मग साडूंनी तो ठेवणीतला आवाज काढला. "कुनी गडबड करायची न्हाई. सगळ्यास्नी जागा हाय. म्हातारी मान्सं न् लेकुरवाळ्या पुढं, बाकीचे मागनं. चला."

तो सगळा लोंढा लॉजच्या दारात पाहून मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, माझ्याकडे खोल्या सहा, नि तुम्ही आख्खी गाडी घेऊन आलात."

"ताई, तुमी फकस्त भात टाका. बसवायचं माझ्याकडं."

त्यांनी बसवलं. काय बसवलं म्हणून सांगू. पलंगावरच्या गाद्या खाली आल्या, एका खोलीत बायका-पोरं, एकीत म्हाताऱ्या, एकीत म्हातारे. औषधवाल्याच्या खोलीत एक मास्तर आणि त्यांचे दोन भाऊ. जेवणाच्या खोलीत चटया, जिन्याखाली एक बाजेची जागा निघाली, जी मालकीणबाईंनाही ठाऊक नव्हती. अक्का माझ्या बायकोच्या खोलीत आली, तिथं आणखी तिघी आल्या, आणि मी कुठं झोपायचं हे मला कुणी विचारलंच नाही. ऐटीत बॅग ओढत आलेला एक गृहस्थ म्हणाला, "मला सेपरेट रूम लागते." साडू शांतपणे म्हणाले, "सेपरेट पायजे तर पेशल गाडी करायची हुती. ही साधी हाय. पुढं सरका." तो सरकला आणि थोड्या वेळानं एका म्हाताऱ्याचं अंथरूणही घालू लागला. सगळे टेकले तेव्हा साडूंनी काउंटरवर डबल बेल दिली आणि भाताचं पातेलं उचललं गेलं. तो लॉज बांधल्यापासून पहिल्यांदा भरला होता. कंडक्टर बाई, मालकीणबाई, मी, आम्ही तिघं जिन्याशी उभे राहून बघत होतो. मला त्या माणसाचा अभिमान वाटला, हे सरळच सांगतो.

एकच खोली त्यांनी अजून कुणाला दिली नव्हती. मी ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं, बरं झालं, एवढं तरी राखलं. मग सावकाश चालत मागं राहिलेली शेवटची दोघं दारात आली. एक पोरगी, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला माहेरी निघालेली. सोबत तिचे वडील, हातात तिची पिशवी धरलेले. पोरीचे पाय सुजले होते आणि ती चौकटीला धरून उभी होती. साडूंनी तिच्याकडं पाहिलं, मग जिन्याच्या वर पाहिलं. अक्काही वरून त्यांच्याकडं बघत होती. मला वाटलं आता ती बोलणार. पण ती आत गेली, खिडकीशी लावलेली खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि पलंग खिडकीशी ओढला. "ये गं बाई," ती म्हणाली, "हितं वारं चांगलं येतं."

साडू त्या रात्री दाराजवळच्या बाकावर झोपले. तिथून समुद्र सोडून सगळं दिसत होतं.

सकाळी रस्ता मोकळा झाल्याची खबर आली आणि लॉज उठला. त्याच गाडीनं आम्हालाही निघायचं होतं. वरच्या खोलीचं दार अजून लोटलेलंच होतं. मी साडूंना म्हटलं, "पोरगी उठली असेल, पाच मिनिटं तरी खिडकीशी जाऊन या." ते म्हणाले, "निजू द्या तिला. गाडीत बसून पाय लोंबकळनार हायेत तिचे." आणि त्यांनी पिशव्या उचलायला सुरुवात केली. मालकीणबाईंनी निघताना त्यांच्या पुढ्यात ती घंटी धरली. "काका, शेवटची द्या." त्यांनी डबल बेल दिली. मालकीणबाई पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

माणसं चढवता चढवता साडू सगळ्यांत शेवटी चढले. गाडी भरलेली. पण समुद्राच्या बाजूला एक खिडकी मोकळी होती, आणि त्या जागेवर एक पांढरा रुमाल पसरलेला होता. साडूंच्या भुवया चढल्या. सवयीनं त्यांनी तो दोन बोटांत धरून उंच केला आणि सगळ्या गाडीला विचारलं, "हा रुमाल कुनाचा?"

पोरं हसू दाबत होती. मग त्या पोरीचे वडील मागून म्हणाले, "तुमचा. बसा."

"रुमालाला तिकीट न्हाई," साडू पुटपुटले.

"आहे," कंडक्टर बाई म्हणाली आणि तिनं त्यांचं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. "काका, गाडी माझी आहे. बसा म्हटलं की बसायचं." सेपरेट रूमवाला गृहस्थ मधल्या रांगेत दांडी धरून उभा होता. तोही म्हणाला, "बसा हो."

साडू बसले. मी त्यांच्या शेजारी. गाडी सुटली, वळणाबरोबर सुरूची झाडं मागं पडली आणि पाणीच पाणी उघडं झालं. साडू गुडघे जुळवून, तिकीट मुठीत धरून, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे बसले होते. एका थांब्यावर टोपली घेतलेली एक बाई चढली आणि उभी राहिली. मी न बघताच ओळखलं. साडूंचा हात पुढच्या सीटच्या दांडीवर गेला होता. तेवढ्यात मागून त्या पोरीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, समुद्र संपेपर्यंत बसा." मी उठलो आणि टोपलीवाल्या बाईला माझी जागा दिली. साडूंनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच कुणाला जागा दिली होती. मग ते परत खिडकीकडं वळले, आणि रस्ता डोंगराकडं वळेपर्यंत त्यांनी मान फिरवली नाही.

शेवटचं पाणी झाडांआड गेलं. टोपलीवाली बाई तिच्या गावाला उतरली. साडूंनी आणखी थोडा वेळ बाहेर बघितलं आणि विचारलं, "झाला का समुद्र?"

"झाला," मी म्हणालो.

"बरं." ते उठले. रुमालाची घडी घालून ती मागं पोरीच्या वडिलांना दिली आणि माझ्या दंडाला धरून मला आत सारलं. "आता तुमी बसा, पाव्हनं. माझं झालं."

ते पुढं दाराजवळ जाऊन कंडक्टर बाईशी बोलत उभे राहिले. घाटात बाहेर नुसती लाल माती आणि झाडं होती, बघण्यासारखं असं काही नव्हतं. तरी घाट संपेपर्यंत मी खिडकीतून बाहेरच बघत राहिलो. त्यांनी दिलेली जागा होती.