आवाज पडवीत, चित्र आत

दूर दक्षिण समुद्रातल्या नुकुआलोफाच्या बंदरावरच्या गोदामात इनोके फोनुआने चौतीस वर्षे आवक-जावक लिहिली. त्याच्या वहीत खाडाखोड नसे. निवृत्त झाल्यावर ऑकलंडच्या मुलीने त्याला एक वापरलेला संगणक आणि एक लहानशी डबी पाठवली. डबीच्या एका टोकाला व्हिडिओ मशीन, दुसऱ्या टोकाला संगणक. कॅसेट तीन तासांची असेल तर संगणकात उतरायलाही तीनच तास लागत. हा हिशोबीपणा इनोकेला फार आवडला.

गावात बातमी फिरली तशी हापाईच्या बेटावर त्याच्या थोरल्या बहिणीपर्यंतही पोचली. लोसालिनेताईने बोटीतून एक जुनी कॅसेट पाठवली. १९८९ सालची, त्यांच्या गावच्या चर्चच्या जेवणावळीची. सोबत चिठ्ठी होती : ‘आई आहे यात. नको ते काढ, आई ठेव आणि परत कॅसेटवरच भरून दे. माझ्याकडे संगणक नाही. दुसरी कॅसेट मी येताना आणते.’

आईला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. इनोकेने वहीत रकाने आखले : मिनिट, कोण दिसते, ठेवणे, काढणे. संगणकाला आवाजाचा डबा नव्हता, आवाजाच्या जागी एक हिरवी पट्टी वरखाली नाचे. चित्र मात्र स्वच्छ होते. वडील न्यूझीलंडची सफरचंदे तोडून परतताना तो कॅमेरा घेऊन आले होते, तेव्हा कॅमेऱ्यामागे वडीलच, यात शंका नव्हती. भाजलेली डुकरे, सुरणाचे ढीग, रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळलेली गाणारी मंडळी, सारे दिसले. आई काही दिसली नाही. मधेमधे नुसती जमीन, चालते पाय, कुत्र्याची शेपटी. इनोकेने ते सगळे ‘काढणे’त टाकले, उरलेली एक्केचाळीस मिनिटे त्याच कॅसेटवर पुन्हा भरली, पुढची कॅसेट कोरी केली, जागा व्हावी म्हणून संगणकातून मूळ पुसले आणि वर चिठ्ठी डकवली : ‘तपासले.’

आईचे काय, हा घोळ मात्र डोक्यात राहिला. ताई चुकीचे लिहायची नाही.

मंगळवारच्या बोटीने ताई दुसरी कॅसेट घेऊन आली. आता खरी अडचण होती. बहीण-भावाने एका खोलीत बसून पडदा बघायचा नाही, ही बेटांवरची जुनी रीत, मग दोघे साठीला का येईनात. आणि काय ठेवायचे ते ताईशिवाय कोण सांगणार? इनोकेने तोडगा काढला. चर्चमधला आवाजाचा डबा मागून आणला आणि लांब तारेने पडवीत ताईच्या कानाशी ठेवला. दार लावून घेतले. चित्र आत, आवाज बाहेर, मध्ये निरोप न्यायला त्याची बायको केलेसी.

कॅसेट सुरू झाली. पाच मिनिटांत केलेसी आत आली.

“वन्सं म्हणतात, हे ठेवा.”

इनोकेने पडद्याकडे पाहिले. चिखलात चार पाय आणि एक फुटकी चप्पल होती.

“हे? नीट विचारलंस ना?”

“दोनदा विचारलं. रडतायत त्या.”

“चपलेवर?”

“मला काय माहीत! तुम्हा फोनुआ लोकांचं रडणं कशावर असतं ते लग्नापासून कळलं नाही मला.”

पुढे पाद्रीबाबांचे भाषण आले. सरळ, स्थिर, सुरेख चित्र. केलेसी पुन्हा हजर.

“हे काढलं तरी चालेल म्हणतात.”

“पाद्रीबाबा काढायचे आणि कुत्रा ठेवायचा?”

“कुत्र्याचं अजून बोलल्या नाहीत. विचारून येते.”

इनोकेच्या वहीत गोंधळ माजला. ठेवण्याजोगे ‘काढणे’त आणि काढण्याजोगे ‘ठेवणे’त. त्याने आयुष्यात पहिल्यांदा रकान्यावर रेघ मारली. ताईचे वय झाले, असे तो मनात म्हणाला आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली.

तेवढ्यात पडद्यावर वडील आले. खड्ड्यातले तापलेले दगड काठीने सारत होते. वडिलांनी थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हटले आणि हसले. इनोके चक्रावला. वडील इथे, मग कॅमेरा कोणाच्या हातात?

“केलेसी! ताईला विचार, कॅमेऱ्यामागे कोण आहे?”

उत्तर बंद दारापलीकडून थेट, ओरडूनच आले. “अरे, आई! दुसरं कोण? बाबांना ते बटण कधी जमलं होतं? मघापासून ऐकू येत नाहीये का तुला?”

“मला कुठलं ऐकू येणार, ताई? डबा तुझ्याकडे आहे.”

इनोकेने वहीची मागची पाने उलटली. पहिली कॅसेट.

“पाय दिसतात, तेव्हा ती बोलते का?” त्याने विचारले.

“तेव्हाच बोलते. चित्र धरून उभी असली की श्वास रोखून गप्प असते बाई.”

इनोके उठून दाराशी गेला. दाराला तोंड लावून बोलला. “ताई, पहिल्या कॅसेटमधले पाय मी पुसले. सगळे. परत मिळायचे नाहीत.”

पडवीत डब्यातून गाण्याचा आवाज येत राहिला. केलेसी आत आली.

“रागावली?” त्याने हळूच विचारले.

“हात तोंडाशी धरून बसल्यात. मला कळत नाही, हसतायत की रडतायत.”

मग ताईचा आवाज आला. “इनोके, या कॅसेटमधलं काही काढू नकोस. पाय, कुत्रा, पाद्रीबाबा, सगळं. आणि दार उघड. पडदा भिंतीकडे फिरव, म्हणजे झालं.”

त्याने पडदा फिरवला, दार उघडले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसला. ताई बाहेरच्या बाजूला, पाठमोरी. डब्यातून आईचा आवाज आला, धापा टाकत, चिखलातून चालताना :

“झालं हो, बंद केलं मी. तांबडा दिवा लागलाय बघा, म्हणजे बंदच की!”

इनोकेने वही मांडीवर घेतली. ‘कोण दिसते’ या रकान्यात त्याने ‘आई’ लिहिले, खोडले आणि पेन्सिल तशीच धरून ऐकत बसला.