चालत आली म्हणून हिरवी

आमच्या गाडीला लोक काहीही समजतात. सीताबर्डीला सिग्नलवर थांबलो की कोणी ना कोणी हात दाखवून विचारतंच, "गांधीबाग जाते का?" एकदा उकाड्यामुळे दार उघडं ठेवलं होतं, तर एक आजोबा पिशवीसकट चढले. आत खाटा आणि भिंतीला ऑक्सिजनच्या नळ्या बघितल्या मात्र, ओरडायलाच लागले, "बाप्पा! उतरवा गा मले!" ड्रायव्हर हसून हसून बेजार झाला. मी हसले नाही. सिग्नल सुटला होता आणि मागचे हॉर्न वाजवून राहिले होते.

गाडी म्हणजे खरं तर बसच आहे. पुढे आठ-दहा सीटा, मागे दोन मजल्यांत बारा खाटा. मोठा अपघात झाला, आग लागली, चेंगराचेंगरी झाली, तर एका खेपेत खूप जखमी आणता यावेत म्हणून ही केलेली. पण असं रोज थोडंच होतं! वर्षातले बरेचसे दिवस ती उभीच असते. मोठी सभा असली की मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन लावतात आणि आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि मी, भाषणं ऐकत बसतो. मी या गाडीवरची नर्स. ड्रायव्हर रोज सकाळी इंजिन सुरू करून ठेवतो, काचा पुसतो आणि उभ्या उभ्या टायर खराब होतात म्हणून कुरकुरतो. मी सलाइन मोजते, तारखा बघते. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू.

कामाचा नियम मात्र सोपा. जागेवर पोचलं की आधी ओरडायचं, "ज्याले चालता येते त्यानं गाडीत या!" जो स्वतःच्या पायानं येईल त्याच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधायची आणि त्याला पुढच्या सीटवर बसवायचं. जो पडून आहे पण थोडा वेळ काढू शकतो, त्याला पिवळी. ज्याला एक मिनिटसुद्धा वेळ नाही, त्याला लाल, आणि त्याला लहान अँब्युलन्समधून पुढे पाठवायचं, कारण ती आमच्यापेक्षा कितीतरी जोरात पळते. नंतरही एकेकाला पुन्हा बघायचं असतं, पण पहिली पट्टी चालण्यावरूनच ठरते. हे ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की विचार करायची गरजच पडत नव्हती.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कुहीकडे धानाच्या कामाला निघालेल्या बायांची ट्रॅक्टर-ट्रॉली नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवरून खाली भाताच्या बांधीत उलटली. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. चिखल मऊ होता म्हणून पुष्कळ जणी वाचल्या, असं सगळेच म्हणत होते. आमच्याआधी दोन लहान अँब्युलन्स आल्या होत्या. सगळ्यात वाईट होत्या त्या दोघींना त्यांनी नेलं आणि डॉक्टरही त्यांच्यासोबतच गेले. बाकीच्यांना आणायचं काम माझ्याकडे आलं. गावातले पुरुष धावून आले होते आणि बायांना उचलून पाळीवर आणत होते.

मी दारात उभी राहून ओरडले. चार-पाच जणी उठून आल्या. त्यांत एक तिशीच्या आतली, चिखलानं माखलेली, डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. तिला उचलायला दोघे जण वाकले होते, तशी ती झटकन उठली आणि हळूहळू चालत आली. मी विचारलं, "कुठं लागलं वं?" पदराच्या आतून आवाज आला, "मले काही नाही झालं. माहं जाऊ द्या, तिकडं त्या बुढीले पाहा." मी तिच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली, सीटवर बसवलं आणि म्हातारीकडे गेले. म्हातारीचा हात मोडला होता. तिला पिवळी.

सहा खाटा भरल्या. सीटांवर हिरव्या पट्टीवाले. त्या पदरवालीच्या समोरच्या सीटवर, उचलायला आलेल्यांपैकीच एक माणूस बसला होता. ट्रॉलीचा पत्रा लागून त्याच्या कपाळाला खोक पडली होती. खिडकीबाहेर तोंड करून तो एकदम ताठ बसला होता. मला वाटलं, रक्त बघून घाबरला असेल.

गाडी नागपूरकडे निघाली. मी खाटांवरच्यांचं बघून झाल्यावर यादी करायला पुढे आले. तिला नाव विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मान थोडी हलली. मला राग आला, म्हटलं नाव सांगायलाही लाजते! पट्टीवरचा नंबर बघायला तिचा हात धरला तर हात गार. त्या उकाड्यात, घामानं ओला आणि गार. नाडी शोधली तर बोटाखाली धाग्यासारखी, आणि पळत सुटलेली.

मी पदर वर केला. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. पोटाला हात लावला तर पोट कडक. आतल्या आत रक्त सांडत होतं आणि ही बाई एवढा वेळ माझ्यापासून चार हातांवर बसून होती, हिरवी पट्टी बांधून.

ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दवाखान्यात फोन लाव, एक लाल आहे म्हण, ऑपरेशनची तयारी ठेवा म्हण." तो म्हणाला, "गाडी थांबवू का, सिस्टर?" "थांबवायचं नाव काढू नको!" तिला आडवं करून ऑक्सिजन द्यायचा होता. तो खालच्याच खाटांजवळ होता आणि त्या भरलेल्या. मोडक्या हाताची म्हातारी न सांगता उठली आणि खाली फरशीवर बसली. आता हिला सीटवरून खाटेवर न्यायचं होतं. हलत्या गाडीत, त्या अरुंद वाटेत ते मला एकटीला जमणार नव्हतं. धडधाकट असा समोरच्या सीटवरचा तो एकच माणूस होता. मी म्हटलं, "उठा, हिला उचला."

तो उठला आणि मागे सरकला. "मी कसा हात लावू, सिस्टर? मी भासरा लागतो तिचा."

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई तोंड दाखवत नाही, आणि भासरा तर तिच्या सावलीलासुद्धा जपून चालतो. मला हे कोणी शिकवायला नको होतं. आमच्या घरी हातमाग होता, एकाच खोलीत. मोठे काका मागावर बसले की आई तोंडावर पदर ओढूनच कांड्या भरायची. तास न् तास तशीच, मान खाली घालून. मी त्या पदराखाली लहानाची मोठी झाले. आणि पाळीवर हिला उचलायला कोण वाकलं होतं, ती कशासाठी उठली, तोंड काहून झाकून होतं, यातलं एकही मला दिसलं नाही.

"भासरा घरी!" मी किंचाळले. "इथं मले तुमचे दोन हात दिसून राहिले. उचला म्हणते न!"

त्यानं डोळे घट्ट मिटले आणि तिला उचललं. मी पाय धरले, त्याला सांगून सांगून मागे नेलं. तिला शुद्ध धड नव्हती, तरी तिचा हात पदर शोधत होता. सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. हिरवी पट्टी कापून लाल बांधली. तो पाठ करून खांबाला धरून दवाखाना येईपर्यंत तसाच उभा राहिला.

पोटातली प्लीहा फुटली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मला कोणी काही विचारलं नाही. कागदावर शेवटची पट्टी लाल होती आणि सगळ्यांना तेवढंच हवं होतं.

आठेक दिवसांनी मी तिला बघायला वॉर्डात गेले. भासरा बाहेरच व्हरांड्यात डबा घेऊन उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिले सांगू नका. डायवरनं उचललं म्हणा." मी हो म्हटलं.

तिनं विचारलंच. "सिस्टर, गाडीत मले कोणं उचललं?"

ड्रायव्हर म्हणायला तोंड उघडलं आणि ते काही निघेना. म्हटलं, "तुह्या भासऱ्यानं. नसतं उचललं तर तू इथं नसती."

तिचा हात पदराकडे गेला. मग म्हणाली, "मंग मी चालली कायले वं, माय?"

मी म्हटलं, "तू कायलेही चालली असशील. तोंडावरचा पदर बाजूले करून पाहणं माहं काम होतं. मी नाही पाहिलं. हिरवी पट्टी मीच बांधली."

"तुमचा काय कसूर? मीच तर म्हणली, मले काही नाही झालं."

मला इतका संताप आला, तिचा आणि माझाही. "अवं, तू तर म्हणशीलच! तेवढं ऐकून घ्यायले तर कोणीही चालते. मंग मले कायले ठेवलं त्या गाडीत?"

बाजूच्या खाटेवरच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. ती घाबरून गेली आणि टाक्यांवर हात ठेवून उठायला लागली, मला समजवायला. मी तिला दोन्ही हातांनी धरून खाली निजवलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं.