बाटली परत मिळणार नाही

शिळफाट्याला आमच्या बंद पडलेल्या दुकानाच्या गाळ्यात मी पाण्याच्या आणि थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या परत घेण्याचं केंद्र काढलं, तेव्हा घरच्यांनी मला सरळ भंगारवाल्यांत जमा केलं. मी त्यांना नियम ऐकवले. रीतसर प्रशिक्षण घेऊन आलो होतो ना! आणलेली बाटली नाकारायची नाही. आत काही असेल तर रिकामी करूनच चेपायची. आणि एकदा जमा झालेली बाटली वापरायला कुणालाही परत द्यायची नाही, सख्ख्या नातेवाइकालासुद्धा. ही नातेवाइकाची भर तेवढी माझ्या पदरची.

ते पहिल्यांदा भोवलं आत्याच्या बाबतीत. कर्जतजवळच्या गावाहून ती भल्या सकाळी आली. तिच्या सुनेने घर आवरताना माळ्यावरच्या सगळ्या बाटल्या पोत्यात भरून माझ्याकडे धाडल्या होत्या. त्यांतल्या एकीत, राखेत घोळवून ठेवलेलं काकडीचं बी होतं. आत्याच्या सासूपासून चालत आलेलं. बाजारात मिळत नाही. पाऊस तोंडावर, आणि दुसरं बी घरात नाही.

पोतं अजून चेपायचं होतं. बाटली सापडली. आत्याने हात पुढे केला आणि मी, काय सांगू, नियम सांगितला.

"कायदा कुणाचा हाय?" आत्याने शांतपणे विचारलं.

"सरकारचा."

"आनि बी?"

"तुझं."

"मंग बाटली ठेव सरकारला. बी दे माझं."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रिकामी करायची, एवढंच नियमात होतं. कुठे, ते नव्हतं. आत्याने पदर पसरला, मी बाटली उपडी केली. राख माझ्या मिश्यांवर, बी तिच्या पदरात. मग तिच्यादेखत मी बाटलीवर उभा राहिलो. चेपण्याचं काम मी जातीने करतो; माझं वजन कुठे तरी कामाला येतं.

पदराची गाठ मारून आत्या म्हणाली, "आता ठेवू कशात रं? एक रिकामी दे."

समोर रिकाम्या बाटल्यांचा डोंगर, आणि मला त्यातली एक देता येईना. शेवटी शेजारच्या टपरीवरून तिनेच थंड पेयाची एक भरलेली मोठी बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय, हे तिला सांगून पाहिलं.

"कायदा तुझा, पी तूच."

प्यायलो. ढेकर देत बाटली परत केली. आत्याने ती विसळली, उलटी करून पाणी निथळवलं आणि घरी नेऊन वाळवायला म्हणून पिशवीत टाकली.

"ही काय तुला परत मिलायची नाय," ती म्हणाली.

कुणी बाटली परत आणलीच नाही तर काय करायचं, हे मी नंतर नियमांत शोधलं. नाही सापडलं.