बारा काडेपेट्या

नव्वदच्या दशकात शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावर एका छोट्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले. आई म्हणायची, एवढं शिकून शेवटी लोकांची घाणच चिवडायची. मला मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की जेवणाची शुद्ध राहत नसे.

एकदा एका फौंड्रीच्या मालकांनी त्यांचा बिहारी कामगार तपासायला आणला. पांढराफटक, चार पावलांत धाप. मालक त्याच्यासमोरच म्हणाले, "कामचोर हाय ओ त्यो. आठ दिवस बघतो, न्हाईतर गावाकडच्या गाडीत बसवतो."

त्याचं रक्त फार कमी निघालं. फौंड्रीच्या शेडमागच्या खोलीत त्याच्यासह बारा कामगार राहायचे आणि सकाळी परसाकडला अनवाणीच उसात जायचे. मला हुकवर्मचा, रक्त पिणाऱ्या जंतांचा, संशय आला. बाराही जणांचा संडास तपासायला मागवला. तेव्हा तो काडेपेटीतून यायचा.

पहिल्याच काचेवर अंडी! पातळ कवच, आत चार पेशी, थेट पुस्तकातल्यासारखी. मी खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या पेटीत तेच, तिसरीत तेच. सहावीनंतर मात्र चमकले. रंग तोच, अंडीही तेवढीच. बारा पोटं इतकी सारखी? सख्खे भाऊसुद्धा इतके जुळत नाहीत.

लुना काढली आणि फौंड्री गाठली. त्यांच्यातल्या वयस्कर कामगारानं मान खाली घालून कबूल केलं. ज्याच्यात दोष निघेल त्याला घरी धाडतील, या भीतीनं बाराही पेट्या त्यांनी सगळ्यांत धडधाकट गड्याच्या भरल्या होत्या. तो पैलवान शेजारीच ऐटीत उभा होता. मला हसू आवरेना.

त्याला घेऊन मालकांकडे गेले. "जंत निघालेल्याला गाडीत बसवणार असाल, तर आधी ह्याला बसवा."

"ह्यो गेल्यावर भट्टी कोण बघणार?" मालक गडबडले. "सगळ्यांस्नीच गोळ्या द्या की."

दुसऱ्या दिवशी तो आजारी कामगार स्वतःचा नमुना घेऊन आला. अंडीच अंडी! मी उत्साहानं त्यालाच डोळा लावायला लावला. ही अंडी घालणारे जंत तुझं रक्त पितात, म्हणून दम लागतो, असं सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"तो मैं कामचोर नहीं हूँ न, दीदी?"

नाही, म्हटलं. मग त्यानंच सांगितलं, घरच्या पत्रात त्यानं स्वतःच, मी कामचोर झालोय, असं लिहून टाकलं होतं.