स्टिअरिंगवरचं एक बोट

आयर्लंडमधल्या यच्चयावत माणसांशी आपली ओळख आहे असं माझे आतोबा धरून चालतात, आणि त्यांच्याबरोबर केरीच्या रस्त्यांवरून एकदा हिंडून आलेल्या कुणालाही ते खोटं ठरवता येणार नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची त्यांची तर्जनी आपसूक वर होते. ट्रॅक्टर येवो, टपालाची हिरवी व्हॅन येवो, नाहीतर कुत्र्याला फिरवणारी म्हातारी, बोट वर. इकडच्या खेड्यापाड्यांत ही रीतच आहे. अनोळखी माणसालाही एका बोटाचा रामराम केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. पण आतोबांनी ती गायीगुरांनाही लागू केली आहे. एकदा वळणावर रस्ता अडवून बसलेल्या मेंढीला त्यांनी बोट दाखवलं आणि ती खरोखरच उठून बाजूला झाली. "ओळखतात हो," ते आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले.

आरशातून, कारण मी मागे बसते. आत्या गेल्यापासून महिन्यातला एखादा शनिवार-रविवार मी मेनूथहून त्यांच्याकडे लिमरिकला येते आणि आम्ही दोघं त्यांच्या जुन्या निळ्या गाडीतून निघतो. पुढच्या डाव्या सीटवर आत्याची तपकिरी शाल घडी करून ठेवलेली असते आणि तिला पट्टा लावलेला असतो. तिथे कुणी बसायचं नाही असं ते कधी म्हणाले नाहीत; फक्त पहिल्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी मागचं दार उघडलं. ट्रलीजवळच्या एका हॉटेलात दरवाजावरच्या माणसाने मला अदबीने उतरवून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या ड्रायव्हरच्याही जेवणाची व्यवस्था करायची का?" मी लाजून काही बोलायच्या आत आतोबांनी मागून उत्तर दिलं, "करा की. पण ड्रायव्हर शाकाहारी आहे."

वेगाच्या बाबतीत त्यांची स्पर्धा ढगांशी असते, आणि बहुतेक वेळा ढग जिंकतात. दोन्ही बाजूंना फ्युशियाच्या फुलांची लाल झुंबरं लटकलेली कुंपणं, मध्ये गवत उगवलेला रस्ता, डोंगरावरून उतरणारं धुकं, आणि त्यातून आमची गाडी झोपेत चालल्यासारखी जाते. मागे कुणी आलं की ते कडेला थांबून त्याला वाट देतात, आणि थांबलोच आहोत तर म्हणून थर्मासमधला आल्याचा चहा निघतो. रस्ता सांगणारं यंत्र त्यांना चालत नाही. "ती बाई सारखी पोचायचंच बोलते," असं त्यांचं म्हणणं. आत्या रस्ता सांगायची ती निराळ्या पद्धतीने. तिला डावं-उजवं पटकन सुचायचं नाही. "त्या पिवळ्या दाराकडे वळा," "घोडा दिसतोय ना, त्याच्याकडे." घोडा दरम्यान चरत दुसरीकडे गेला तर आतोबा तिकडे वळायचे.

ते हृदयात बसवायच्या नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. हॉटेलच्या खोलीत शिरले की आधी नळ, मग खिडकीची कडी, मग किटलीचं झाकण. सकाळी निघताना पलंगावरची चादर अशी ताणून घालतात की साफसफाईला येणाऱ्या मुलीला वाटावं, इथे कुणी राहिलंच नाही. नाश्त्याला बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी ते ब्राउन ब्रेडवर पसरतात आणि शेजारच्या टेबलावर डबी फिरवतात. एका आजीबाईंनी ती चमचाभर खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या एवढंच म्हणाल्या, "ग्रँड." आतोबांनी त्यांना उरलेली डबीच देऊन टाकली.

या सगळ्या हिंडण्यामागे एक शोध होता, आणि तो त्यांनी मला पहिल्याच खेपेला सांगितला होता. लग्नानंतर आत्या पुण्याहून इथे आली तेव्हा तिला इथलं काहीच मानवलं नव्हतं. सारखा पाऊस, उजेड नाही, दिवस दिवस बोलायला माणूस नाही. तिने परतीचं ठरवलं होतं. जाण्याआधी निदान समुद्र तरी बघ, म्हणून आतोबांनी तिला गाडीत घालून केरीकडे नेलं. वाटेत एका ट्रॅक्टरवाल्याने बोट वर केलं. आपल्याकडे रस्त्यावर कुणी बोट दाखवलं तर त्याचा अर्थ एकच: तुमच्या गाडीचं काहीतरी उघडं आहे, लोंबतंय किंवा गळतंय. आतोबांनी गाडी थांबवली. दारं पाहिली, चाकं पाहिली. आत्याने ओढणी आत ओढून घेतली. पुढे गेले तर व्हॅनवाल्याने बोट दाखवलं. पुन्हा थांबले, पुन्हा वाकून पाहिलं. असं करत करत समुद्र राहिला बाजूला आणि अंधार पडायला लागला, तेव्हा धुक्यात जे पहिलं हॉटेल दिसलं तिथे ते शिरले.

पुढचं मला आत्यानेच सांगितलं होतं. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. तिथून तिने खाली पाहिलं तर आतोबा पावसात गाडीखाली आडवे झाले होते, नुसते पाय बाहेर, आणि हॉटेलचे म्हातारे मालक त्या पायांवर छत्री धरून समजावत होते की अहो, गाडी ठीक आहे, लोक तुम्हाला नमस्कार करतायत. आत्या इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली. ओढणी तोंडावर धरून जिन्यातच बसली. सकाळी चहा पिताना म्हणाली, "बोट दाखवतात, पण नावं ठेवत नाहीत. पुण्याहून बरंच म्हणायचं. राहू या."

त्या हॉटेलचं नाव दोघांनाही आठवत नव्हतं. येताना धुकं, जाताना धुकं. आतोबांना तिथे एकदा जायचं होतं, फक्त एकदा. मी फोनवर शोधू का विचारलं, तर म्हणाले, "तिने शोधलं नव्हतं." खूण एकच होती: खोलीच्या किल्लीला लाकडी मासा बांधलेला होता.

गेल्या खेपेला पाऊस थांबून सगळीकडे दुधासारखा उजेड पसरला होता. तळ्याकाठच्या एका हॉटेलात आम्ही सहज चहाला थांबलो, आणि स्वागताच्या टेबलामागच्या भिंतीवर मला किल्ल्यांना बांधलेले लाकडी मासे टांगलेले दिसले. आतोबांनीही ते पाहिले होते. त्यांनी खोली मागितली. तिथली मुलगी ओशाळून म्हणाली, आज लग्न आहे, एकही खोली रिकामी नाही. "आधी राहिला होतात का तुम्ही इथे?"

"बायको राहिली होती," आतोबा म्हणाले. "मी गाडी बघत होतो."

मग त्यांनी तिला विचारलं, जिन्यापर्यंत जाऊ का. आणि मला म्हणाले, "तू जरा खाली गाडीपाशी उभी राहा बरं."

मी जाऊन उभी राहिले. लग्नातली माणसं हसत-खिदळत आत-बाहेर करत होती. वर पाहिलं तर वळणावरच्या खिडकीत आतोबा होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, गाडीच्या चाकांकडे पाहत होते, जिथे तेव्हा आत्याला त्यांचे पाय दिसले असतील. बराच वेळ पाहत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते की काय, ते मला काचेतून कळलं नाही आणि मी नंतरही विचारलं नाही.

खाली आल्यावर त्यांनी पुढचं डावं दार उघडलं, शालीचा पट्टा सोडला, शाल मांडीवर घेतली आणि तिथे बसले. किल्ली माझ्या हातात दिली.

"आतोबा, मी?"

"इन्शुरन्सवर तुझं नाव जानेवारीतच घातलंय. चल."

अरुंद रस्ता, दोन्हीकडे ओली कुंपणं, माझे हात स्टिअरिंगला चिकटलेले. "कुठे वळू?" मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "ती पांढरी गाय दिसतेय ना, तिच्याकडे." समोरून एक ट्रॅक्टर आला. मी जीव मुठीत धरून गाडी कडेला घेतली.

"अगं, बोट," आतोबा हळूच म्हणाले.

मी बोट वर केलं. टोपीवाल्या म्हाताऱ्यानेही केलं आणि तो धडधडत निघून गेला. आतोबांनी शालीची घडी नीट केली आणि डोळे मिटून घेतले. "ओळखतात," ते म्हणाले.